हरलेल्या दिवसाचा किल्ला

बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात लग्न ठरलं की बस्ता बांधायला माणसं गांधीनगरला जातात. पुणे–बंगळूर हमरस्ता सोडून उंचगावाकडून आत वळलं की कापडाच्या दुकानांची रांग सुरू होते. शालू, धोतरजोड्या, आहेराच्या साड्या आणि हिशेबाला बसलेले सिंधी व्यापारी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यांच्या आधी तिथे जवळजवळ पाच वर्षं पोलंडची माणसं राहत होती, हे मला माझ्या आज्जीमुळे कळलं. तिचं माहेर वळिवड्याचं. गांधीनगर ज्या माळावर उभं आहे तो माळ तिच्या बापाच्या गोठ्यावरून दिसायचा.

1943 च्या पावसाळ्याच्या सुमारास कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, वळिवड्याच्या माळावर लांबलचक बराकी उभ्या राहिल्या आणि आगगाडीनं पोलंडचे लोक येऊ लागले. बहुतेक बायका आणि मुलं. बघता बघता वस्ती पाच हजारांच्या घरात गेली. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचं सभागृह, सगळं उभं राहिलं. आज्जी तेव्हा तेरा वर्षांची होती. घरच्या म्हशींचं दूध कॅम्पात घालायचं काम तिच्याकडे होतं. ती सांगायची, “गोरी माणसं म्हणजे सायेब, येवढंच आम्हांस्नी ठावं. ही गोरी माणसं आमच्यापरीस गरीब निघाली.” एका पोरीला आज्जीनं घरची भाकरी दिली. पोरीनं अर्धी खाल्ली आणि अर्धी झग्याच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी नवी भाकरी मिळाली तरी कालची खिशातच. आज्जीला याचा उलगडा मोठेपणी झाला.

उलगडा असा होता. 1939 च्या सप्टेंबरात हिटलर पश्चिमेकडून आणि स्टालिन पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. 1940 च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सोव्हिएत पोलिसांनी रात्री उठवली, मालगाडीच्या डब्यांत कोंबली आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवली. भुकेनं, थंडीनं, टायफसनं माणसं मेली. 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा या कैद्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत भरती झाले. बायकामुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात, तिथून कराचीला आणि शेवटी पंचगंगेच्या काठच्या या मुलखात पोचली. खिशातली अर्धी भाकरी सैबेरियातून आली होती.

आज्जीच्या सांगण्यात एक गोष्ट हमखास यायची. कॅम्पातली लहान पोरं कोळशाचा तुकडा मिळाला की बराकीच्या पायरीवर आगगाडी काढायची. खिडक्या नसलेली, दारं लावलेली. “आमच्या पोरांनी गाडी काढली तर धूर काढतील, माणसं काढतील. ह्यांच्या गाडीत माणूस न्हाई. काढून झाली की उठायची आन् जेवायला जायची.” आज्जीनं हे पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. त्यातलं शेवटचं वाक्य किती मोठं आहे, ते मला फार उशिरा समजलं.

त्याच वेळी माझे आजोबा कुठे होते, हे घरात कुणी बोलत नसे.

आमचं घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ. बेळगाव हे पलटणीचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहराच्या कॅम्प भागात आहे आणि पेन्शनर शहरभर. कुणाचे वडील, कुणाचे चुलते, कुणाचे सासरे. माझ्या लहानपणी आरपीडी कॉलेजकडे फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात दोन-तीन तरी मिशीवाले पलटणीतले असत. त्यांच्या तोंडून आम्ही यशवंत घाडगे ऐकला. मूळचा माणगावकडचा, बावीस वर्षांचा नाईक. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडले तेव्हा तो एकटा मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच गोळ्या लागून गेला. नामदेव जाधवही ऐकला. 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीवर त्यानं जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगन गप्प केल्या आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या गोष्टी सांगताना म्हातारे ताठ व्हायचे. आम्हीही व्हायचो.

पण त्या म्हाताऱ्यांच्या कहाण्यांत काही ठिकाणी रस्ता एकदम संपायचा. पहिल्या महायुद्धाला जुनी माणसं ‘बसऱ्याची लढाई’ म्हणत. बसऱ्याहून वर सरकलेली फौज कूत गावात अडकली, इथपर्यंत कुणी तरी आपल्या बापाकडून ऐकलेलं सांगे. पुढे खोकला येई किंवा चहाची आठवण होई. मी मोठेपणी वाचलं. कूतला तुर्कांचा वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला आणि 29 एप्रिल 1916 ला इंग्रज जनरल टाउनशेंड शरण गेला. आत 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले गेले आणि आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस शिवलं नाही. सुमारे 13,000 माणसं कैद झाली. पुढे वाळवंटातून चालत नेताना त्यांतली किती तरी वाटेतच पडली. हे सगळं सोसलेला माणूस गावाकडे परत आला तेव्हा त्याला विचारणारं कोण होतं? पोवाडा जिंकलेल्याचा असतो. शरण गेलेल्या शिपायाला आपल्याकडे गाणं नाही, गोष्ट नाही, आणि म्हणून त्याच्या दुःखाला जागाही नाही. हे मी रागानं लिहीत आहे, कारण माझ्या आजोबांचं सबंध आयुष्य या एका उणिवेखाली गेलं.

आजोबा दुसऱ्या मराठा पलटणीत हवालदार होते. ‘काळी पाचवी’ म्हणतात ती ही पलटण. 1942 च्या जूनमध्ये ती लिबियात तोब्रुकला होती, तटबंदीच्या आग्नेय बाजूला, अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये. तटबंदी म्हणजे भिंत नव्हे. इटालियनांनी बांधून ठेवलेले काँक्रीटचे मोर्चे जमिनीच्या पातळीत गाडलेले, पुढे रणगाडे अडवायला खंदक, तारांची कुंपणं आणि सुरुंग. 1941 मध्ये याच तटबंदीच्या आधारानं ऑस्ट्रेलियन फौजेनं कित्येक महिने जर्मन सेनापती रोमेलला दाद दिली नव्हती. पण वर्षभरात चित्र बदललं. पुष्कळसे सुरुंग उपसून पश्चिमेच्या गझाला आघाडीवर नेले गेले आणि खंदक बऱ्याच ठिकाणी वाळूनं बुजला. 20 जूनला पहाटे पाचच्या सुमारास जर्मन स्टुका विमानं आली. बॉम्बचा सगळा मारा त्या आग्नेय पट्ट्यावर झाला, मागोमाग तोफा आणि मग रणगाडे. पहिला तडाखा आपल्या मराठ्यांच्या मोर्च्यांवर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकचा सेनापती क्लॉपर शरण गेला. सुमारे 33,000 सैनिक कैद झाले. चर्चिलना ही बातमी वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टांसमोर मिळाली. ही नामुष्की त्यांनी फार मनावर घेतली. त्यांना ती मनावर घ्यायला ग्रंथ होते, भाषणं होती. माझ्या आजोबांना टिळकवाडीत एक पडवी होती.

ते फारसे बोलायचे नाहीत. बागेत वाळू आणलेली त्यांना चालायची नाही. उन्हाळ्यात विमान खालून गेलं की ते उठून आत जायचे आणि देवघराशेजारच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचे. झोपेत ते कुणाला तरी नावानं हाक मारायचे. ते नाव आमच्या घराण्यात कुणाचं नव्हतं. आज्जीनं लग्नानंतर एकदाच विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. आम्हा पोरांना वाटायचं, आजोबा तापट आहेत. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी लढाईच्या या मागे राहणाऱ्या जखमेला आजार म्हणून नाव दिलं, ग्रंथात नोंदवलं. आमच्या गल्लीत मात्र त्याला ‘मिलिटरी डोकं’ म्हणत.

1989 च्या दिवाळीत हा अबोला सुटला.

बेळगावात दिवाळीला पोरं किल्ले करतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गल्लीगल्लीत दगडविटा, पोती आणि लाल मातीचे राजगड, पन्हाळे, सिंधुदुर्ग उभे राहतात. त्यांवर हळीव पेरतात, मावळे ठेवतात, रात्री दिवे लावतात. मंडळांच्या स्पर्धा होतात, परीक्षक फिरतात. त्या वर्षी अंगणात आमचा राजगड चालला होता. आजोबा पडवीतून बघत होते. दुपारी ते खुरपं घेऊन खाली उतरले आणि आमच्या किल्ल्याशेजारच्या मोकळ्या जागेत उकिडवे बसले. एकाहत्तर वर्षांचं वय. गुडघे दुखायचे, तरी बसले.

त्यांनी आधी जमीन सपाट केली. मग कुणाच्या तरी बांधकामावरची वाळू आणायला सांगितली. वाळू! आम्ही एकमेकांकडे बघितलं. ती त्यांनी आज्जीच्या पिठाच्या चाळणीनं चाळली आणि तळहातानं पसरली. चहाच्या चमच्यानं ओळीनं गोल खड्डे कोरले, प्रत्येकाची कड ओल्या मातीनं लिंपून घेतली आणि बोटानं एका खड्ड्यातून दुसऱ्यात जाणारी वाट काढली. जुन्या छत्रीच्या तारा वाकवून कुंपण केलं. मग या सगळ्यापुढे एक लांब चर खणला, वीतभर खोल, कडा अगदी उभ्या. एवढं करून झाल्यावर त्यांनी मूठमूठ वाळू घेऊन तो चर अर्धा बुजवून टाकला.

“आजोबा, खणला कशाला मग?”

“असाच होता तो. बुजलेला. आम्ही सांगिटलेलं वर.”

“आन् बुरूज कुठं?”

“ह्याला बुरूज नसतंय. वरनं बघितलं तर काय दिसू नये, असा किल्ला हा.”

आम्ही त्यांना आमच्यातले मावळे देऊ केले. त्यांनी एकच घेतला. तो कुठे ठेवायचा हे त्यांना बराच वेळ ठरवता येईना. शेवटी त्यांनी तो उजवीकडच्या तिसऱ्या खड्ड्यात आडवा ठेवला आणि त्यावर वाळू घातली. एक हात तेवढा बाहेर राहिला. आज्जी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. आत गेली, तांब्याभर पाणी आणून त्यांच्याजवळ ठेवलं आणि तिथेच पायरीवर बसली.

पाडव्याच्या संध्याकाळी मंडळाचे परीक्षक आले. आमच्या राजगडाचे बालेकिल्ला, पद्मावती माची सगळं तपासून झाल्यावर त्यांतल्या एकानं विचारलं, “हा दुसरा कुठला?”

“तोब्रुक,” आजोबा म्हणाले.

“कुणी जिंकला?”

“आम्ही हरलो.”

तो गृहस्थ चांगला होता. त्यानं चपला काढल्या आणि त्या सपाट किल्ल्यापुढे वाकून नमस्कार केला. आजोबा त्या रात्री जेवण झाल्यावर बोलायला बसले. मी बारा वर्षांचा होतो. मोठ्यांनी मला झोपायला पाठवलं नाही, यातच किती वेगळी रात्र होती ते आलं.

झोपेतल्या हाकेतलं नाव कुणाचं होतं, ते त्या रात्री कळलं. निपाणीजवळच्या एका खेड्यातला, तंबाखू पिकवणाऱ्या घरातला पोरगा. आजोबांच्याच मोर्च्यात. पहाटे विमानं आली तेव्हा दोघं एका खड्ड्यात होते. एक बॉम्ब जवळ पडला आणि कडेची वाळू आत ढासळली. आजोबा छातीपर्यंत गाडले गेले आणि ओरपून ओरपून वर आले. पोरगा पूर्ण खाली गेला, एक हात वर. आजोबांनी तो हात धरून ओढला. हात गरम होता. बोटं हलत होती की नव्हती, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. तेवढ्यात रणगाडे तारेच्या आत आले आणि कुणी तरी ओरडून हात वर करायला सांगितलं. हात वर करायचे तर तो हात सोडावा लागणार होता. त्यांनी सोडला.

सत्तेचाळीस वर्षं ते एवढंच वाहत होते.

तोब्रुकहून बेंगाझी, मग बोटीनं इटली. आवेझ्झानोला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती, तिथे त्यांना ठेवलं. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं, पहारा सैल पडला आणि जर्मन येऊन ताबा घेण्याआधी अनेक कैदी अब्रुत्सोच्या डोंगरात शिरले. आजोबा त्यांत होते. एका मेंढपाळ म्हातारीनं त्यांना हिवाळाभर गोठ्यात लपवलं आणि मक्याच्या कण्या खायला घातल्या. कैदी लपवणाऱ्याला जर्मन गोळी घालत. म्हातारीला हे माहीत होतं. भाषा दोघांची एकमेकांना येत नव्हती. पुढे सांग्रो नदीच्या बाजूला आलेल्या आपल्या आठव्या हिंदी डिव्हिजनपर्यंत ते पोचले. हे ऐकताना आज्जी हिशेब करत होती. ती वळिवड्याला कॅम्पात दूध घालत होती ते हेच महिने. ज्या पोलंडच्या पोरांना ती भाकरी देत होती, त्यांचे बाप अँडर्सच्या फौजेबरोबर त्या हिवाळ्यात इटलीतच उतरत होते. पुढे मे 1944 मध्ये मोंते कासिनोचा मठ त्यांनी घेतला. 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर नामदेव जाधव लढला त्याच दिवशी, त्याच नदीवर, पोलिश पलटणीही चढाईला होत्या. कोल्हापूरच्या मुलखातली पोरं पोलंडच्या बापांशेजारी लढत होती आणि त्या बापांची लेकरं कोल्हापूरच्या मुलखात जेवत होती. जगाच्या इतिहासात हे कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही. पण आमच्या घरात ते एका रात्री एका चटईवर एकत्र आलं.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ले मोडतात. आमचाही मोडला. आजोबांनी आपला स्वतःच्या हातानं मोडला आणि वाळू गोळा करून गेटाबाहेर टाकली. आठवड्याभरात ते अस्वस्थ दिसायला लागले. तेव्हा आज्जीनं त्यांच्यापुढे वाण्याच्या दुकानातलं जुनं कॅलेंडर उलटं करून ठेवलं आणि पोरांच्या दप्तरातली रंगीत पेन्सिल. “काढा की,” म्हणाली. “ती पोलंडची पोरं काढून झाली की जेवायची.”

बेळगावात चित्रकलेची हवा होतीच. के. बी. कुलकर्णी सरांच्या चित्रमंदिरात शिकलेली माणसं शहरात जागोजाग होती. रवी परांजपे यांच्यासारखे मोठे चित्रकार सरांच्याच हाताखालून गेलेले. आमच्या शेजारची एक मुलगी चित्रकलेच्या वर्गाला जायची, तिनं उरलेले पोस्टर रंग आणि दोन ब्रश आणून दिले. तिनं सावली कशी टाकायची ते दाखवायला सुरुवात केली, तर आजोबा म्हणाले, “सावली नको. सावली नव्हती तिथं.” ते कसे काढायचे ते सांगतो. वाळू पिवळी नाही, राखाडी. धूळ उठल्यावर सकाळी ती तशीच दिसते म्हणे. माणसांना तोंडं नाहीत, फक्त पाठी आणि हात. आकाश त्यांनी कधी रंगवलं नाही, कागदाचं कोरेपणच वर ठेवलं. इटलीच्या म्हातारीचं चित्र तेवढं निराळं होतं. तिला नाक, डोळे, सुरकुत्या सगळं होतं आणि तिच्या ओढणीला त्यांनी आज्जीच्या लुगड्याचा हिरवा रंग दिला होता. कलेच्या नजरेनं ती चित्रं कशी आहेत, हे मला कुणी विचारू नये. मी ती नीट बांधून ठेवली आहेत आणि अजूनही त्यांतल्या एकाकडे फार वेळ बघता येत नाही.

ते चित्र वाळूतल्या हाताचं. ते त्यांनी दोनदा काढलं. दुसरं गुंडाळून ते एका सकाळी निपाणीच्या बसमध्ये बसले. वडील बरोबर गेले होते, त्यांनीच पुढचं सांगितलं. तंबाखूच्या वखारींचा तो उग्र वास, मग आतल्या खेड्याचा रस्ता. पोराचा धाकटा भाऊ जिवंत होता, साठी उलटलेला. घरात एवढंच माहीत होतं की लढाईत तो ‘बेपत्ता’ आहे, तशी तार आली होती. बेपत्ता म्हणजे मेला नाही, असं आई शेवटपर्यंत धरून बसली. जमिनीच्या उताऱ्यावर त्याचं नाव तसंच राहू दिलं होतं. वाटण्या झाल्या तेव्हाही त्याचा हिस्सा बाजूला काढला. आजोबांनी चित्र उलगडलं आणि सगळं सांगितलं, हात सोडल्याचंसुद्धा. भाऊ पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई असती तर तुमास्नी जेवू घातलं असतं. बसा, पानं घेतो.”

वाळवंटात ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची नावं इजिप्तमध्ये अलामीनच्या स्मारकावर कोरलेली आहेत. तिथे जाणं निपाणीच्या त्या घराला शक्य नव्हतं. त्यांच्याकडे आता कॅलेंडरच्या पाठीवरचं चित्र होतं. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा त्याचं श्राद्ध घातलं.

आजोबा त्यानंतर सात वर्षं जगले. विमान गेलं की आत जाणं सुटलं नाही. रात्रीची हाक कमी झाली, बंद झाली नाही. रंगानं जखम भरते, असं म्हणायला मी तयार नाही. पण एकट्यानं वाहायचं ओझं घराचं झालं, गल्लीचं झालं, निपाणीपर्यंत पोचलं. त्या वयात एवढं होणंही थोडं नाही.

जपानमधली एक हकिकत मी नंतर वाचली तेव्हा मला आमची पडवी आठवली. 1974 मध्ये हिरोशिमाच्या दूरचित्रवाणी केंद्रात इवाकिची कोबायाशी नावाचे 77 वर्षांचे गृहस्थ एक चित्र घेऊन आले. 6 ऑगस्ट 1945 च्या दुपारी एका पुलाजवळ त्यांनी जे बघितलं होतं, ते त्यांनी 29 वर्षांनी कागदावर काढलं होतं. केंद्रानं लोकांना आवाहन केलं की तुम्हीही काढा, येईल तसं काढा. वर्षभरात दोन हजारांवर चित्रं जमली. हातात कधी ब्रश न धरलेल्या म्हाताऱ्या माणसांनी पेन्सिलीनं, खडूनं, कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली. जागा उरेल तिथे त्यांनी अक्षरंही लिहिली, कुणाला पाणी देता आलं नाही ते. जगानं अणुबॉम्बच्या ढगाचं चित्र वरून पाहिलं होतं. खालून काय दिसलं, ते या म्हाताऱ्यांनी दाखवलं. त्यांच्याकडे कुणी तरी मागितलं, म्हणून ते आलं.

वळिवड्याच्या पोलिश मुलांचंही तसंच झालं. 1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला. ती मुलं इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोलंडमध्ये विखुरली आणि अनेक वर्षं नोकरी-संसारात गप्प राहिली. म्हातारपणी त्यांनी एकमेकांना शोधलं, संघटना बांधली आणि आठवणी, छायाचित्रं, कागदपत्रं गोळा करून भारतातल्या पोलिश वस्त्यांवर जाडजूड ग्रंथ केला. तो 2000 साली पोलिश भाषेत आणि पुढे इंग्रजीत निघाला. 1998 मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक झालं. 2019 च्या सप्टेंबरात ऐंशी-नव्वदीची ती ‘मुलं’ कोल्हापूरला आली. आज्जी तोवर गेली होती. ती असती तर मी तिला घेऊन गेलो असतो. खिशात भाकरी घालणारी पोरगी तिनं ओळखली असती की नाही, कुणास ठाऊक.

दुसऱ्या महायुद्धातले आपल्याकडचे शिपाई आता जवळजवळ राहिले नाहीत. पण त्यांच्या नंतरच्यांचे केस पांढरे झाले आहेत. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, जमालपूरला मराठ्यांची जंगी पलटण लढली, तेव्हाचे विशीतले जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. श्रीलंकेत 1987 ते 1990 या काळात शांतिसेनेतून गेलेले साठीच्या आसपास आहेत. श्रीलंकेबद्दल तर आपण त्यांना धड एक प्रश्नही विचारलेला नाही, कारण त्या लढाईचं काय करायचं हे देशालाच ठरवता आलं नाही. हिंडलग्यात, गणेशपुरात, मच्छेत, निपाणीच्या खेड्यांत, चंदगड-गडहिंग्लजकडे ही माणसं आहेत. 15 ऑगस्टला आपण त्यांना शाळेत बोलावतो, नारळ देतो आणि पराक्रम सांगा म्हणतो. ते सांगतात, आपण टाळ्या वाजवतो आणि बाकीचं ते परत घरी घेऊन जातात.

माझं मागणं साधं आहे. टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाकडे के. बी. कुलकर्णी सरांच्या नावाचं कलादालन आहे. तिथे एका दिवाळीत या माणसांनी काढलेली, मातीत घडवलेली लढाई मांडू या. चित्रकलेच्या शिक्षकांनी पुढे यावं, पण सावली शिकवायला जाऊ नये. किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी एक कोपरा अशा आजोबांसाठी मोकळा ठेवावा. आणि ज्यांच्या घरी असा कुणी आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत कागद, रंग, हवी तर पाटीभर माती त्यांच्यापुढे ठेवावी, शेजारी बसावं आणि किती मारले हे विचारू नये. सोबत कोण होतं, ते विचारावं.